सह्याद्रीचा दर्या

वाईट हस्ताक्षर आणि वाईट एचटीएमएल यांत एक मूलभूत फरक आहे. वाईट हस्ताक्षर दिसते. डॉक्टरांची चिठ्ठी हाती घेतलेल्या औषधविक्रेत्याच्या कपाळावरच्या आठ्या कोणालाही वाचता येतात. वाईट एचटीएमएल मात्र दिसत नाही. पडद्यावर पान कसे नीटस, रंगीत आणि प्रसन्न असते. बैठकीत गालिचा अंथरलेला आहे, फुलदाणी जागच्या जागी आहे; माजघरात मात्र पाय ठेवायला जागा नाही. पाहुणा बैठकीतूनच परत जातो, तेव्हा त्याचे मत चांगलेच होते. चिडतो तो फक्त माजघरात जावे लागणारा माणूस.

गेली अनेक वर्षे माझा चरितार्थ अशा माजघरांच्या डागडुजीवर चालतो. गवंडी लग्नाला म्हणून गेला तरी मांडवाआधी भिंतीचा ओळंबा पाहतो, त्याप्रमाणे आम्ही लोक संकेतस्थळावर गेलो की मजकूर वाचण्याआधी उजवी टिचकी मारून आतला ‘सोर्स’ उघडतो. ही सवय चांगली नव्हे. तिच्यामुळे अनेक सुंदर पानांवरचा माझा विश्वास उडाला आहे. परंतु तिच्यामुळेच राधानगरीच्या एका पानाशी माझी जी गाठ पडली, तिने या चिडचिडीकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला लावले.

राधानगरी म्हणजे कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवरचे, भोगावतीच्या काठचे गाव. शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या, राधाबाईंच्या, नावाने ते वसवले आणि तेथेच धरण बांधायला काढले. पुढे दाजीपूरचे जंगल, त्यात गवे, आणि फोंडा घाट उतरला की कोकण. अभयारण्याच्या वाटेवर पर्यटकांसाठी राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या एका गृहस्थांचे जुने संकेतस्थळ नव्याने बांधण्याचे काम माझ्याकडे आले. पान निदान तीन हातांतून गेलेले होते. त्या हातांची नावे मला ठाऊक नाहीत आणि ती ठाऊक नसणेच सर्वांच्या हिताचे आहे. पण उत्खननात जसे थर सापडतात, तसे त्या पानात थर सापडत गेले.

सर्वांत खालचा थर टेबलांचा. टेबल हा टॅग आकडे रकान्यांत मांडण्यासाठी आहे. येथे आकडा एकही नव्हता आणि टेबले नऊ होती, एकाच्या पोटात दुसरे, दुसऱ्याच्या पोटात तिसरे. सर्वांत आतल्या टेबलातल्या एकुलत्या एका घरात गव्याचे छायाचित्र बसवले होते. अभयारण्यातही इतका बंदोबस्त नसेल. घरांमध्ये अंतर राहावे म्हणून एक पारदर्शक, न दिसणारे, एका ठिपक्याएवढे चित्र ताणून ताणून जागोजागी खुंटीसारखे ठोकले होते. ही युक्ती डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकामुळे जगभर पसरली. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘वेबची नासाडी झाली, आणि ती मी केली’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. पण पुस्तक जितक्या दूर गेले तितका लेख गेला नसावा. राधानगरीपर्यंत तरी पुस्तकच आधी पोहोचले.

त्यावरचा थर हलत्या अक्षरांचा. ‘मार्की’ आणि ‘ब्लिंक’ ही जोडी जुन्या वाचकांना आठवत असेल. एकाने मजकूर सरकतो, दुसऱ्याने लुकलुकतो. ब्लिंक आता कोणताच प्रमुख ब्राउझर पाळत नाही; फायरफॉक्सने २०१३ साली त्याला निरोप दिला. मार्की मात्र कालबाह्य ठरूनही आजतागायत चालतो आहे. सासरी नांदत नाही आणि माहेरी परतत नाही, अशातली त्याची गत. आमच्या पानावर ‘पर्यटकांचे हार्दिक स्वागत’ उजवीकडून डावीकडे जात असे. ज्याला दूरध्वनी क्रमांक टिपून घ्यायचा आहे त्याने काय करावे? क्रमांकही त्याच ओळीत असल्यामुळे त्याने ओळीच्या पुढल्या फेरीची वाट पाहावी, एस.टी.ची पाहतात तशी.

मग फाँट टॅग. या टॅगचे चरित्र मनोरंजक आहे. ब्राउझर बनवणाऱ्यांनी आपल्या मनाने आणलेला हा टॅग जानेवारी १९९७ मध्ये एचटीएमएल ३.२ ने दत्तक घेतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एचटीएमएल ४.० ने ‘हा वापरू नये’ असे बजावले. अकरा महिन्यांत एवढी प्रतिष्ठा आणि एवढी अप्रतिष्ठा राजकारणातसुद्धा विरळा. कारण साधे होते. अक्षर लाल की निळे, थोर की बारीक, हे सांगण्यासाठी सीएसएस ही वेगळी व्यवस्था डिसेंबर १९९६ मध्ये आलेली होती. एचटीएमएलने फक्त हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, एवढे सांगावे; दागदागिने सीएसएसने घालावेत. आमच्या पानावर सीएसएस होते, नाही असे नाही. त्यात ‘लाल-अक्षर’ नावाचा एक वर्ग होता, आणि त्याचा रंग हिरवा होता.

यापुढचे अपराध किरकोळ, पण रोजचे. परिच्छेदाच्या आरंभी जागा सोडण्यासाठी न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचे चिन्ह आठ वेळा. दोन परिच्छेदांत अंतर हवे म्हणून ओळ मोडण्याचा टॅग पाच वेळा, एखाद्या ठिकाणी सहा वेळा. बहुधा तेथे लिहिणाऱ्यास अधिक गंभीर व्हावेसे वाटले असावे. शीर्षक म्हणून शीर्षकाचा टॅग कोठेच नाही, साधाच परिच्छेद ठळक करून मोठा केलेला. जेथे शीर्षकाचा टॅग आहे तेथे तो चौथ्या पातळीचा. पहिल्या पातळीचा ‘फार मोठा दिसतो’ म्हणून. हे म्हणजे ग्रंथातल्या पहिल्या प्रकरणाला चौथे म्हणण्यासारखे आहे, कारण ‘चार’ हा आकडा छापल्यावर बरा दिसतो. आणि दुवे? ‘दर पाहण्यासाठी येथे टिचकी मारा. नकाशासाठी येथे. आरक्षणासाठी येथे.’

हे सारे मी मालकांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “अहो साहेब, पण पान दिसतंय की व्यवस्थित! मग बिघडलंय काय?”

आमच्या व्यवसायातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि तो विचारणारा माणूस मूर्ख नसतो. पान खरोखरच व्यवस्थित दिसत होते. एचटीएमएल ही अत्यंत क्षमाशील भाषा आहे. टॅग उघडून मिटला नाही, एकमेकांत अडकवला, नसलेलाच लिहिला, तरी ब्राउझर ‘याला असे म्हणायचे असावे’ असा उदार अर्थ लावून पान दाखवतो. ही क्षमाही आता नियमबद्ध झाली आहे. चुकलेले पान नेमके कसे समजून घ्यावे, याची सविस्तर पद्धत एचटीएमएल ५ ने ठरवून दिली, जेणेकरून सर्व ब्राउझरांनी एकाच रीतीने चुका पोटात घालाव्यात. याच्या उलट वाटही चोखाळून झाली होती. २००० सालच्या एक्सएचटीएमएलचा कडक अंमल असा की एक टॅग मिटायचा राहिला तर वाचकाला पानाऐवजी चुकीची सूचना दिसे. जगाने तो मार्ग सोडला आणि बरे झाले. शुद्धलेखनाच्या एका चुकीसाठी पुस्तकच मिटून घेणारा ग्रंथपाल कोणाला हवा असतो?

मग मी चिडतो ते कशावर? केवळ व्यावसायिक सोवळ्यावर? काही अंशी होय, आणि टेबलांच्या बाबतीत तर तसेच म्हणावे लागेल. टेबलात टेबल कोंबल्याने राधानगरीचे कोणाचे काही अडले नव्हते. पण मजकुराच्या थरापाशी आल्यावर हसू मावळू लागले.

मूळ मजकूर जुन्या टंकात टाइप केलेला होता. युनिकोडपूर्व काळातले हे टंक म्हणजे मुखवटे होते. संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच. त्यांच्या जागी क, ख, ग यांची चित्रे बसवलेली. प्रत्येक टंकाची बैठक निराळी. तो टंक वाचकाच्या संगणकावर नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा चिवडा दिसे. त्यावर उपाय म्हणून पानासोबतच टंक पाठवण्याची सोय निघाली, तीही इंटरनेट एक्स्प्लोररसाठी एक आणि नेटस्केपसाठी दुसरी. आमच्या पानाच्या तळाशी ‘हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ८०० गुणिले ६०० वर उत्तम दिसते’ ही पाटी होती ती त्यामुळे. तिला हसणे सोपे आहे, पण त्या काळी ती प्रामाणिक पाटी होती.

दुसऱ्या हाताने हा मजकूर यंत्राकरवी युनिकोडमध्ये फिरवून घेतला. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप करीत आणि रफार अक्षराच्या नंतर. डोळ्यांना दिसते तसे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र् अक्षराआधी. फिरवणाऱ्या यंत्राला हे कळले नाही, की ‘निसर्ग’ या शब्दाचे ‘िनसगर्’ होते. राधानगरीसारख्या गावाच्या पानावर हा शब्द किती वेळा येत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वेलांटी बिचारी टेकायला व्यंजन न मिळाल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उभी, आणि रफार पाय मोडून शेवटी पडलेला.

तिसरा हात स्वच्छताप्रिय होता. त्याने ‘न दिसणारी अनावश्यक चिन्हे’ काढून टाकणारा एक झाडू पानावरून फिरवला. त्यात एक न दिसणारे पण आवश्यक चिन्ह गेले. मराठीतला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो; सूर्यातला रफार आणि वाऱ्यातला आडवा र. त्या काळच्या टंकलेखनात हा आडवा र बहुधा एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधारे उमटवत. ते चिन्ह झाडले गेले आणि पानावरची प्रत्येक दरी समुद्र झाली. ‘सह्याद्रीच्या हिरव्यागार दऱ्या’ या जागी ‘सह्याद्रीच्या हिरव्यागार दर्या’. फोंडा घाट उतरल्यावर पुढे समुद्र लागतो हे खरे. पण तो हिरवागार दरीत भरलेला नाही. त्याहून कहर जेवणाच्या पानावर होता. तेथे आमच्या ‘आचाऱ्यांच्या’ हातचा तांबडा-पांढरा रस्सा ‘आचार्यांच्या’ हातचा झाला होता. मालकांना हे दाखवल्यावर ते प्रथमच मोठ्याने हसले, आणि प्रथमच म्हणाले, “हे तेवढं बदला बरं का.”

इंग्रजीच्या मापाने शिवलेली सजावट मराठीच्या अंगावर कशी बसते, याचेही नमुने होते. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर आणि पायाखाली फारसे काही नसते. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. मथळ्याच्या ओळीची उंची इंग्रजीपुरती ठेवून ‘बाहेर जाईल ते कापा’ असा हुकूम दिलेला असल्यामुळे मथळ्यात ‘भोगावती’ची ‘भागावता’ झाली होती आणि ‘दाजीपूर’चे वरून-खालून कापलेले ‘दाजापर’. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्यासाठी ‘राधानगरी’तला र तेवढा वेगळ्या टॅगमध्ये उचललेला, काना मागे राहिलेला. अक्षरांत मोकळेपणा यावा म्हणून अंतर वाढवलेले, त्यामुळे शिरोरेषेचे तुकडे. आणि ‘पुढे वाचा’च्या आधी मजकूर कापताना अक्षरे न मोजता बाइट मोजलेले. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात. कात्री मधेच पडली की शेवटी प्रश्नचिन्हाचा एक काळा चौकट शंकरपाळा उरतो. पानाने आपली लिपी-पद्धत जाहीर केली नाही तर याच तीन बाइटांची तीन स्वतंत्र चिन्हे होतात. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ‘ए’, त्यामागे कधी चलनाचे तर कधी येनचे चिन्ह, असा तो मजकूर दिसतो. मराठी माणसाने जपानशी व्यापार सुरू केला असे वाटावे.

एवढ्यानेही मालकांचा प्रश्न पुरता सुटत नाही. दिसणाऱ्या चुका दिसतील तेव्हा सुधारू, न दिसणाऱ्यांचे काय? याचे उत्तर मला माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडून मिळाले. ते पूर्णपणे दृष्टिहीन आहेत आणि संगणक एनव्हीडीए या २००६ पासून मोफत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने वापरतात. जुने पान मी त्यांना ऐकायला दिले. आपण जसे पानावरून नजर फिरवून मथळे टिपतो, तसे ते ‘एच’ ही कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. शीर्षकाचा टॅगच नसल्यामुळे यंत्र म्हणाले, पुढे शीर्षक नाही. त्यांनी दुव्यांची यादी मागवली. यंत्राने वाचले, ‘येथे, येथे, येथे, येथे.’ गव्याच्या चित्राला पर्यायी मजकूर नव्हता आणि ते मोठे करून पाहण्याचा दुवा त्यावर होता, म्हणून यंत्राने कॅमेऱ्याने दिलेले नाव उच्चारले, डी-एस-सी-शून्य-शून्य-शून्य-चार-सात. पानाने स्वतःची भाषा इंग्रजी म्हणून नोंदवलेली असल्यामुळे इंग्रजी आवाज मधेच मराठी वाचायला बसे. दोन-तीन मिनिटांनी ते म्हणाले, “या घराला दारंच नाहीत का रे? नुसत्या भिंती लागतायत.”

जे माजघर पाहुण्याला दिसत नाही असे मी आरंभी म्हटले, त्याच माजघरातून या वाचकाला ये-जा करावी लागते. बैठक त्याच्यासाठी नाहीच. वेबची पाने अपंग व्यक्तींना वापरता यावीत यासाठीचे पहिले आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियम १९९९ साली आले, आपल्याकडे शासकीय संकेतस्थळांसाठीचे २००९ साली, आणि २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने हा शिष्टाचाराचा नव्हे तर अधिकाराचा विषय केला. नियम काय सांगतात? शीर्षकाला शीर्षक म्हणा, चित्रात काय आहे ते लिहा, दुव्यावर तो कोठे नेतो ते लिहा, भाषा सांगा. म्हणजे जे एचटीएमएल आधीपासून सांगत होते तेच.

कोल्हापुरात हा विषय आणखी एका ठिकाणी येऊन भिडतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, उतरले की मिटतात. एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट, म्हणजे १४२८ क्युसेक, पाणी भोगावतीत सुटते आणि पुढे पंचगंगेला मिळते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे येथील शाळकरी मुलालाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी ते पक्के करून घेतले. पावसाळ्यात सारा जिल्हा ‘कितवा दरवाजा उघडला’ हे विचारत असतो. आणि ही माहिती कित्येकदा कशी हाती येते? छापील तक्त्याचे छायाचित्र म्हणून. ज्या आकड्यांसाठी टेबल हा टॅग जन्माला आला, त्यांनाच टेबल मिळत नाही. रेंज एका काडीवर आलेल्या फोनवर ते चित्र उतरत नाही, उतरले तर वाचता येत नाही, शोधले तर सापडत नाही, आणि माझ्या स्नेह्यांना त्यातून काहीच ऐकू येत नाही. गव्याला नऊ टेबले आणि पुराला एकही नाही, येथे विनोद संपतो.

तरीही आधीच्या त्या तीन हातांवर खटला भरावा असे मला वाटत नाही. पहिल्या हाताने लिहिले तेव्हा मराठी महाजालावर मुळात फार थोडी होती. हौशी माणसांनी, कोणी शिकवलेले नसताना, दुसऱ्याचा सोर्स पाहून पाहून, मिळेल त्या टंकात पाने उभी केली. काहींनी गावाविषयी लिहिले, काहींनी कविता, काहींनी पाककृती. क्षमाशील भाषेनेच त्यांना आत येऊ दिले. त्यांतले किती उरले? जिओसिटीज २००९ साली बंद झाले, तशी अनेक आसरे देणारी ठिकाणे गेली; जे कोठे साठवून राहिले आहे त्यातले पुष्कळसे मुखवट्याच्या टंकांत अडकले आहे. ते शोधात येत नाही, कारण यंत्राच्या लेखी ते मराठीच नाही. सरकत्या ओळींनी आणि लुकलुकत्या अक्षरांनी मराठीचे काहीही नुकसान केले नाही. नुकसान केले ते अक्षर अक्षर नसण्याने.

म्हणून मी आताशा माझी चिडचिड दोन खात्यांत विभागून ठेवली आहे. जी चूक फक्त माझे काम वाढवते, ती विनोदाच्या खात्यात. टेबलात टेबल, हिरवा ‘लाल-अक्षर’ आणि आठ मोकळ्या जागा यांना तेथे कायमचे अभय आहे. जी चूक वाचकाला दाराबाहेर ठेवते, ती दुसऱ्या खात्यात. तेथे सूट नाही. ही विभागणी केल्यापासून पहिल्या खात्याकडे पाहून रागावण्याचे प्रसंग कमी झाले आहेत आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करण्याचेही.

राधानगरीच्या दरवाजांपाशी उघडझाप करायला कोणी बसवावा लागत नाही. रचना नीट असेल तर पाणी आपली वाट आपण शोधते. नीट लिहिलेले पानही तसेच असते. लिहिणारा जवळ नसताना, त्याने कल्पनाही न केलेल्या यंत्रावर, त्याने न पाहिलेल्या माणसापर्यंत ते पोहोचते. दरवाजे मात्र मुळात ठेवावे लागतात. तेवढे झाले, की मग आचार्यांनी खुशाल रस्सा करावा.